पैसे पोस्टात अडकलेत

"आजोबा, नॉमिनी वारल्या न तुमच्या? मंग दुसरं नाव टाका. रकाना खाली नका ठेवू," खिडकीतली काजल म्हणाली.

पोस्टात मुदत संपलेली ठेव पुन्हा टाकायला आलेले देवराव गजभिये खिडकीच्या फरशीवर दोन्ही हात टेकून उभे होते. त्यांच्या मागे मी, आणि माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांची माया. मायाचं वय अडतीस. समज सात-आठ वर्षांच्या पोरीची.

"पोरीचं टाका," देवराव म्हणाले.

काजलनं मायाकडं पाहिलं. मायानं तिला जीभ दाखवली आणि खुदकन हसली.

"टाकते. पण ह्यांच्या वतीनं पैसे घ्यायले माणूस लागन. पालक म्हणून कोणाचा कागद झाला आहे का?"

"सोमवारी आहे. कलेक्टर हापिसात."

"मंग सोमवारनंतरच या न आजोबा. घाई काय आहे?"

घाई काय आहे! त्या पोरीच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली मला. पण तिला बिचारीला काय ठाऊक? देवरावांच्या पोटातली गाठ पसरली होती. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, दसऱ्याचा दीक्षाभूमीचा कार्यक्रम पाहाल, दिवाळीचं सांगता येत नाही. आणि जुलै संपत आला होता.

देवरावांची बायको प्रेमिला आठ महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून मायाची वेणी देवरावच घालत. सोमवारी कलेक्टर कचेरीत समितीपुढे सुनावणी होती, आणि तिथं मायाचा पालक व्हायला तयार असलेल्या माणसाची सही हवी होती. एक सही. घर होतं, पैसे होते, दाखले होते, सही करणारं माणूस तेवढं नव्हतं. प्रेमिलाची बहीण पुष्पलता भंडाऱ्याला स्वतःच अंथरुणाला खिळलेली. दोन संस्थांमध्ये चौकशी केली, तर तिथंही म्हणाले, आधी पालक दाखवा. राहता राहिला पुतण्या, प्रेमानंद. आणि तिथंच तर सगळं घोडं अडलं होतं.

ते का अडलं होतं हे सांगायचं तर आधी माझी कर्मकहाणी सांगावी लागेल.

मी प्रमोदिनी. नागपुरात महाल भागात राहते. सत्तावीस वर्षं पोस्टाची बचत एजंट आहे. स्कूटरवर कापडी पिशवी टांगून घरोघर जाते, लोकांची आरडी, ठेवी, बचतपत्रं करून देते. फॉर्म मी भरते. जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवते, म्हणजे माणूस गोंधळत नाही. तोंडाळ आहे, म्हणून धंदा टिकला. लोक म्हणायचे, "बाई, बँकेतबी तेवढंच व्याज भेटते, पोस्टात काहून टाकू?" तेव्हा मी माझं ठेवणीतलं वाक्य काढायची. "अहो, बँकेतला पैसा नातेवाइकांच्या डोळ्यावर येतो. आज साळा मागतो, उद्या भाचा. पोस्टात टाका आणि सांगून मोकळे व्हा, पैसे पोस्टात अडकलेत. नाही म्हणायचं पाप नाही, आणि माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही." लोक हसायचे आणि फुलीवर सही करायचे. माझ्या या एका वाक्यावर निम्म्या नागपुरानं आपापले नातेवाईक दारातून परतवले असतील.

देवरावांनी मात्र ते वाक्य हसून सोडलं नाही. ते वीज खात्यात मीटर रीडर होते. कुलूप लागलेलं घर दिसलं तर बाकीचे अंदाजे आकडा टाकून पुढं जात. हा माणूस त्याच घरी तीनदा जायचा. असा माणूस जे ऐकतो ते गाठीला बांधतो. माया चार वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा दवाखान्यातून परत येताना त्यांनी ठरवलं म्हणे, आपण मेल्यावर पोरीला कोणापुढं हात पसरायला लागू नये. तेव्हापासून पगारातला प्रत्येक सुटा पैसा मुदतीत गेला. एक ठेव सुटली की दुसरी. प्रेमिलाला आयुष्यात एक सोन्याची पोत मिळाली नाही. तिनंही कधी हूं की चूं केलं नाही.

मायाचंही माझ्याकडं खातं होतं, खोटंखोटं. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्यांच्या पासबुकात आकडे लिहीत बसले होते, तर ही रुसली. म्हणून तिला एक रद्द झालेलं जुनं पासबुक दिलं. तेव्हापासून दर महिन्याला ती मला एक रुपया देते, मी तिच्या पासबुकात नोंद करते, आणि ती विचारते, "कधी भेटन?" मी सांगते, "मुदत झाली की." ते रुपये माझ्या घरी एका डब्यात आहेत. खर्चले नाहीत हो. तेवढी काही मी लबाड नाही.

आता प्रेमानंद. सन दोन हजार नऊ, एप्रिल महिना. देवरावांचा सख्खा मोठा भाऊ मूत्रपिंडाच्या दुखण्यानं पडला होता. ऑपरेशनला दीड लाख कमी पडत होते. भाऊ स्वतः आला, सुजलेल्या पायांनी, मुलाच्या खांद्यावर हात टाकून. तो मुलगा प्रेमानंद, बावीस वर्षांचा. देवरावांनी दोघांना चहा पाजला आणि माझं वाक्य सांगितलं. पैसे पोस्टात अडकलेत. भावानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. चौदा एप्रिलची जयंती झाली, आणि पंधराला देवरावांची सहा वर्षांची एनएससी, म्हणजे बचतपत्रं, सुटली, बरोबर दीड लाखाच्या वर काही. तो फॉर्म मीच भरला आणि त्याच खिडकीवर ती रक्कम पुन्हा सहा वर्षांसाठी टाकली. दलाली घेतली. त्यातून माझ्या विक्रमला शाळेचे बूट आणले, हेही मला लख्ख आठवतं. मोठा भाऊ बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी गेला.

हे तीन माणसांना माहीत होतं. प्रेमिला गेली. उरलो देवराव आणि मी.

तर त्या दिवशी खिडकीवरून बाहेर आलो, आणि देवराव मला म्हणाले, "बाई, प्रेमानंदकडं जाऊन राहिलो. तुम्ही चला न संगं. माह्या तोंडून शब्द नाही निघत."

मी नाही म्हणणार होते. पण मायानं माझा पदर सोडला नव्हता. स्कूटर पोस्टापाशीच ठेवली, आणि ऑटो करून आम्ही तिघं प्रताप नगरला गेलो. वाटेत माया प्रत्येक दुकानाची पाटी बघून टाळ्या वाजवत होती.

प्रेमानंदचा टेम्पो दारातच उभा होता. इतवारीच्या बाजारातून भांड्यांचा ठोक माल उचलून तो गावोगावी पोचवतो. त्या दिवशी भाडं नव्हतं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, पण स्वच्छ. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली त्याच्या वडिलांचा.

"या काकाजी. बाई, तुम्हीबी या. प्रीती, पाणी आण वं."

त्याची बायको प्रीती पाणी आणि बशीत खारी घेऊन आली आणि मायाला पाहून तिचा चेहरा खुलला. "मायाताई, कित्ती दिवसांनी! चला, तुमाले नवीन टिकल्या दाखवते," म्हणत तिला आत घेऊन गेली. मला तेवढ्यानंच धीर आला. मग मीच तोंड उघडलं. दुखणं सांगितलं, डॉक्टरचं बोलणं सांगितलं, सोमवारची सुनावणी सांगितली. देवराव खाली बघून गुडघा चोळत होते.

"घर मायाच्या नावानं करतो," ते मधेच म्हणाले. "पैसे तिच्यासाठी आहेत, तुले खिशातून एक पैसा लागणार नाही. फक्त तिले पाह्य गा."

प्रेमानंदनं पाण्याचा पेला खाली ठेवला. आतून प्रीतीच बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडं बघून म्हणाली, "काय विचार करून राहिले? पोट्ट्यांसंगं झोपन ती. एक ताट जास्त, त्यात काय?"

"तसं नाही वं. गाडीचा हप्ता आहे, पोट्ट्यांच्या शाळा आहेत..." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग एकदम म्हणाला, "पण दुसरं आहे तरी कोण तिले? द्या बाई कागद. कुठं करू सही?"

घाईत मी फुली मारायची विसरले होते. मी रकान्यावर बोट ठेवलं. खरं सांगते, त्या क्षणी उठून प्रीतीच्या पाया पडावंसं वाटलं मला. प्रेमानंदनं पेनचं टोपण काढलं.

आणि देवरावांनी फॉर्मवर हात ठेवला.

"थांब गा. सही करायच्या आधी एक पाहून घे."

त्यांनी शबनममधून वही काढली, निळ्या पुठ्ठ्याची. मला कळलं ते काय करताहेत. मी डोळ्यांनी खुणावलं, मानेनं खुणावलं, पायानं त्यांची चप्पलसुद्धा दाबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.

"ह्यात सगळ्या ठेवी आहेत. तारखेनं. दोन हजार नऊचं पान काढ. एप्रिल."

"काकाजी, हे मले आता काहून दाखवून राहिले?"

"काढ तं खरं."

प्रेमानंदनं पान काढलं. बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. "पंधरा एप्रिल. जुन्या एनएससीचे उचलले, नवी घेतली." त्यानं वर पाहिलं. "आमी कधी आलतो, काकाजी?"

"बाराले. इतवार होता."

"तुम्ही म्हणे पैसे पोस्टात अडकून आहेत."

"तीन दिवसांनी सुटणार होते. मले माहीत होतं."

आतून मायाचं हसू ऐकू येत होतं.

"मंग सांगायचं होतं तं तवा सांगायचं," प्रेमानंदचा आवाज फाटला. "नाहीतर सांगायचंच नव्हतं! सही होऊन राहिली होती न माही! आत्ताच काहून?"

"म्हणूनच आत्ता," देवराव म्हणाले. त्यांचा आवाज मात्र मीटरचा आकडा सांगावा तसा सरळ होता. "मी मेल्यावर हे सगळे कागद तुह्या हातात येतीन. तारीख तुले दिसनच. मंग राग कोणावर काढशील? मी तं राहीन नाही. घरात माया राहीन."

अरे देवा! आयुष्यभर ज्या माणसानं जोखीम घेतली नाही, त्यानं मरतानाही घेतली नाही. पुढं पोरीच्या वाट्याला येणारी रोजची जोखीम नको, म्हणून आजच सगळं पणाला लावून टाकलं. मला त्यांचा राग आला, आणि तेवढीच दयाही आली.

आणि मी तेव्हा बोलायला हवं होतं. प्रेमानंद, ते वाक्य माझं होतं. मी शिकवलं यांना. पंधरा तारखेचा फॉर्म माझ्या अक्षरात आहे, पाहून घे. राग काढायचा तर माझ्यावर काढ. एवढंच बोलायचं होतं. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. त्या दिवशी मी बशीतल्या खारीकडं बघत बसले.

प्रेमानंदनं वही मिटली. पेनला टोपण लावलं. भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडं त्यानं पाहिलं नाही, हे मला आठवतं.

"काकाजी, मी तुमाले शिव्या नाही देणार," तो म्हणाला. "तुम्ही मायाताईसाठी केलं, ते समजते मले. पण आता सही केली न, तं रोज तिले ताट वाढताना मले हे पान दिसन. एखाद्या दिवशी माह्या तोंडून काही निघन. हात उठन. तुम्ही म्हणता तेच होईन. नाही जमत मले."

"बरोबर आहे गा," देवराव म्हणाले.

"दवाखान्यात जायचं असन तं फोन करजा. गाडी आहे."

"हौ."

प्रीती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. सासरा मेला तेव्हा ती या घरात आलेलीही नव्हती. तिच्या मागून माया आली. कपाळावर एकाखाली एक चार टिकल्या.

"बाबा, मी इथंच राहू?" ती म्हणाली. "प्रीती चांगली आहे."

"आज नाही वं बाई. चाल, घरी खिचडी करू."

परत ऑटो केला. रामेश्वरीला त्यांच्या घरी उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. देवरावांना धाप लागली होती. खाटेवर बसून त्यांनी आधी मायाला पाणी दिलं, मग मला, मग स्वतः घेतलं. आणि सवयीनं म्हणाले, "सुटलेल्या ठेवीचा फॉर्म भरून टाका बाई. आलेच आहात तं."

"किती वर्षं?"

"पाच."

"देवरावजी, एकच वर्षाची करू या की. लागले तर..."

"पाच करा. अडकून असलेले पैसे कोणी नेत नाही."

मी भरला. नॉमिनीच्या रकान्यात मायाचं नाव लिहिलं. पुढचा पालकाचा रकाना तसाच. फुली मारली, त्यांनी सही केली. सही तशीच वळणदार. मग त्यांनी पेन माझ्या हातात परत दिलंच नाही. धरूनच बसले.

"बाई."

"हं."

"तुम्ही सत्तावीस वर्षं येऊन राहिल्या ह्या घरी. माया तुमाले ओळखते. प्रेमिला म्हणे, बाई तोंडानं फटकळ आहे, पण... बाई, तुम्ही..."

मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"देवरावजी, माझंही सगळं अडकलेलंच आहे हो सध्या," मी म्हणाले. "विक्रमचं नोकरीचं चाललंय, सुनेचे दिवस भरत आलेत, महालातलं घर ते केवढंसं..."

माझं मलाच ऐकू येत होतं. मी ठरवून बोलले नाही. जीभ आपोआप त्या वळणावर गेली. हजार लोकांना शिकवलेलं वाक्य, माझ्याच तोंडून असं सरळ निघालं.

देवरावांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मी पिशवी आवरायला लागले. तेवढ्यात माया आतून पासबुक घेऊन आली. मूठ उघडून रुपया माझ्या हातावर ठेवला. घामानं ओला झालेला. "लिहा," म्हणाली.

मी लिहिलं.

"कधी भेटन?"

"मुदत झाली की," मी म्हणाले. तिला पटलं. तिला दर वेळी पटतं.

मी चपला घालत होते, तेव्हा देवराव भिंतीला धरत दारापर्यंत आले. पालकत्वाचा तो फॉर्म त्यांनी चौघडी करून माझ्यापुढं धरला.

"हे तुमच्यापाशीच ठेवा बाई. माह्याजवळ हरवन."

देवराव गजभियेंनी उभ्या आयुष्यात एक कागद हरवलेला नाही. वीज खात्यातल्या पहिल्या पगाराची चिठ्ठीसुद्धा त्यांच्या ट्रंकेत आहे. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मी फॉर्म घेतला आणि पिशवीत टाकला.

आज शनिवार. सकाळी सून म्हणाली, आई, आज फेरीला नाही जायचं? मी म्हटलं, पाय दुखताहेत. मायाचा तो रुपया अजून डब्यात टाकलेला नाही, पिशवीच्या तळाशीच पडला आहे. फॉर्म मी तीनदा काढला आणि तीनदा आत ठेवला. तिसऱ्यांदा खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा दिसलं. पालकाच्या सहीच्या रकान्यात, रेघेच्या अगदी सुरुवातीला, पेन्सिलीनं एक बारीक फुली मारलेली आहे. मी मारलेली नाही.